कस्टम इलेक्ट्रिक गिटारचे पार्ट आणि हार्डवेअर कसे निवडायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्ट कोणत्या क्रमाने ठरवायचे?

आधी स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी), मग ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो पार्ट), मग नेक आणि बॉडी. त्यानंतर पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक आणि कॉइल). ट्यूनर (तारा पिळायच्या किल्ल्या), नॉब, पिकगार्डचा रंग हे सगळं शेवटी.

बहुतेकांचं नेमकं उलटं होतं. पिकअप आधी मनात भरतात, मग एखादी सुंदर बॉडी, आणि ब्रिज राहतो शेवटी. पण पिकअप कधीही बदलता येतात. बदलायला एक सोल्डरिंग आयर्न आणि अर्धा तास पुरतो. ब्रिज चुकला तर लाकडात पाडलेली भोकं बुजवावी लागतात, आणि रंग झालेल्या बॉडीवर ती जागा कायम दिसते. म्हणून लाकडाला कायमचं भोक पाडणारा प्रत्येक पार्ट आधी ठरवायचा, हातात घ्यायचा, व्हर्नियर कॅलिपरने मोजायचा. वेबसाइटवरच्या मापावर भरवसा ठेवून ड्रिल चालवू नका. एकाच मॉडेलच्या दोन खेपांतही मापं थोडी इकडेतिकडे असतात.

स्केल म्हणजे नक्की काय, आणि ते कुठे कळतं?

नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी. तिच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. आलेला आकडा म्हणजे स्केल. फेंडर पद्धतीच्या नेकवर तो 648 मिमी, म्हणजे 25.5 इंच असतो. गिब्सन पद्धतीत साधारण 628 मिमी, पीआरएस कंपनीच्या बहुतेक मॉडेलवर 635 मिमी.

स्केल ठरतं नेकवर, पण ब्रिजची जागा बॉडीवर असते. त्यामुळे 648 साठी भोकं पाडून आलेल्या बॉडीवर 628 चा नेक लावला तर गिटार कधीच सुरात लागणार नाही. मोकळी तार सूर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर दाखवेल बरोबर, पण बाराव्या फ्रेटवर आणि त्यापुढे सूर भरकटलेला असेल. सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तार टेकायचे तुकडे, मागेपुढे करून हा फरक भरून निघत नाही. खास लहान स्केलचे, फेंडर बॉडीत बसणारे ‘कन्व्हर्जन’ नेक मिळतात. त्यांचे फ्रेट ब्रिजच्या हिशोबाने सरकवलेले असतात. तसा नेक घेतला तर चालतं, साधा गिब्सन स्केलचा नेक चालत नाही.

पहिल्यांदाच बांधतो आहे. कोणता ब्रिज घ्यावा?

हार्डटेल. म्हणजे बॉडीवर सपाट बसणारा, न हलणारा ब्रिज, फेंडरच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) किंवा टेली (टेलिकास्टर) पद्धतीचा. त्याला स्प्रिंगची पोकळी लागत नाही, पिव्होट लागत नाही, आणि सूर टिकत नसेल तर दोष शोधायला जागाच थोड्या उरतात: नट, ट्यूनर, किंवा तार नीट गुंडाळलेली नसणं.

ट्रेमोलो, म्हणजे बार दाबून सूर वरखाली करता येणारा हलता ब्रिज, हवाच असेल तर सहा स्क्रूंचा जुन्या पद्धतीचा की दोन खुंट्यांचा, हे आधी पक्कं करा. मापांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो:

- जुना सहा स्क्रूंचा ब्रिज: बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर 56.4 मिमी, म्हणजे 2 7/32 इंच.
- आयात होणाऱ्या स्वस्त गिटारवरचा सहा स्क्रूंचा ब्रिज: बहुतेक वेळा 52.5 मिमी. दिसायला हुबेहूब तसाच, पण भोकं जुळत नाहीत.
- दोन खुंट्यांचा आधुनिक ब्रिज: खुंट्यांमधलं अंतर 56 मिमीच्या आसपास, पण तारांमधलं एकूण अंतर 52.5 मिमी.
- फ्लॉइड रोझ (तारा आवळून धरणारा ट्रेमोलो): खुंट्यांमधलं अंतर सुमारे 74 मिमी.

दोन खुंट्यांच्या ब्रिजचे दोन आकडे पुन्हा एकदा वाचा. ‘56 चा ब्रिज’ म्हणून मागवला, तर 56 हे खुंट्यांचं माप की तारांचं, हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

मग राहिला ब्लॉक, म्हणजे ट्रेमोलोखाली बॉडीत उतरणारा, तारा अडकवायचा धातूचा ठोकळा. पूर्ण जाडीच्या बॉडीची जाडी 44-45 मिमी असते आणि तिला सुमारे 42 मिमी खोल ब्लॉक चालतो. बॉडी 40 मिमीची असेल तर तोच ब्लॉक मागच्या प्लेटबाहेर डोकावतो, आणि तार बदलताना किंवा बार दाबताना प्लेटला घासतो.

ब्लॉक आणि सॅडल खरंच स्टीलचे आहेत हे कसं ओळखायचं?

लोहचुंबक लावून बघा. साधं स्टील चटकन ओढलं जातं. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव ब्लॉक आणि पितळेचे ब्लॉक चुंबकाला दाद देत नाहीत. पितळ आणि जस्त यांत फरक करायचा असेल तर तार अडकवायच्या भोकाच्या आत बघा. तिथे पॉलिश पोहोचत नाही, त्यामुळे पितळ पिवळसर आणि जस्त राखाडी दिसतं.

जस्ताचे ब्लॉक वाईटच असं नाही. खरी अडचण आट्यांची आहे. बार बसवायच्या भोकातले आटे जस्तात लवकर झिजतात, आणि मग बार सैल होऊन लटपटतो.

ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज फेंडर पद्धतीच्या बॉडीवर बसेल का?

हा गिब्सन पद्धतीचा, दोन खुंट्यांवर उभा राहणारा ब्रिज. बसवता येतो, पण उंचीचा हिशोब केल्याशिवाय हात लावू नका. हिशोब सोपा आहे.

फेंडर पद्धतीत नेकच्या टाचेची (बॉडीकडच्या टोकाची) जाडी 25.4 मिमी आणि पॉकेटची (बॉडीत टाच बसते त्या खोबणीची) खोली 15.9 मिमी असते. वजाबाकी केली की फ्रेटबोर्ड बॉडीच्या 9.5 मिमी वर येतो. त्यात फ्रेटची उंची 1.2 मिमी मिळवा. तारा फ्रेटच्या वर ब्रिजजवळ साधारण 3 मिमी हव्यात. म्हणजे ब्रिजवर तार बॉडीपासून 13.5 ते 14 मिमी उंच हवी. आता ट्यून-ओ-मॅटिक सगळ्यात खाली उतरवला तरी तारा साधारण 16 मिमीच्या वर राहतात. याचा परिणाम असा की ब्रिज तळाला टेकलेला असतो, आणि तरी तारा हाताला उंच लागतात.

उपाय तीन. पॉकेट कमी खोल ठेवून नेक वर उचलायचा. किंवा नेक मागे झुकवायचा, म्हणजे दोन-तीन अंशांचा कोन द्यायचा. किंवा ब्रिजखाली बॉडीत खोबण करून तो आत बसवायचा. नवी बॉडी बनवत असाल तर कोन पॉकेटमध्येच कापलेला बरा. तयार बॉडी असेल तर पॉकेटमध्ये मागच्या कडेला पाचर घालून कोन मिळतो. पाचर 0.5 मिमीची असेल तर ब्रिजपर्यंत जाईतो ती सुमारे पावणेदोन मिमी होते. पॉकेटची लांबी 76 मिमी, आणि पॉकेटच्या पुढच्या कडेपासून ब्रिज 264 मिमीच्या आसपास, म्हणून साडेतीन पट. पाचर पूर्ण लांबीची, हळूहळू निमुळती होत जाणारी लाकडाची घ्या. नुसता कागदाचा किंवा व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा कडेला सरकवला तर मधे पोकळी राहते, आणि काही महिन्यांनी टाचेपाशी नेकला उंचवटा येऊ शकतो.

ब्रिजची जागा नक्की कुठे धरायची?

पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेचं सॅडल पुढच्या बाजूला आणा, पण अगदी टोकाला नको. पुढे आणखी 2-3 मिमी सरकता येईल इतकी जागा ठेवा. त्या स्थितीत सॅडलचा माथा नटपासून बरोबर स्केलइतक्या अंतरावर यायला हवा. बाकीची सॅडल तिथून मागे सरकतात. सहाव्या तारेचं सगळ्यात मागे जातं, 3 ते 5 मिमी. ट्यून-ओ-मॅटिकमध्ये सॅडलला फिरायला जागा कमी असते, म्हणून त्याच्या खुंट्याच तिरप्या बसवतात. सहाव्या तारेकडची खुंटी साधारण 3 मिमी मागे असते.

ही झाली लांबी. रुंदी चुकली तर दुःख जास्त होतं, कारण ते रोज डोळ्यांना दिसतं. नेक क्लॅम्पने पॉकेटमध्ये घट्ट धरा. नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन जाड धागे ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत ताणून चिकटपट्टीने लावा. आता शेवटच्या फ्रेटवर वाकून बघा. दोन्ही बाजूंना धागा आणि फ्रेटबोर्डची कड यांत सारखं अंतर हवं. एका बाजूला 4 मिमी आणि दुसऱ्या बाजूला 2 मिमी दिसलं तर ब्रिज बाजूला सरकवा. सारखं झालं की ब्रिजच्या भोकांतून टोचणीने खुणा करा, आणि मगच ड्रिल घ्या. हे काम रंगाच्या आधी एकदा आणि रंगानंतर पुन्हा एकदा करा. पॉकेटच्या भिंतींवर रंगाचा थर चढतो आणि नेक बसायला घट्ट होतो. तो ठोकून बसवलात तर कोपऱ्यातून रंगाला तडा जातो. आतला रंग सँडपेपरने घासून काढा.

तयार नेक घेतो आहे. काय तपासू?

टाचेची रुंदी 56 मिमीच्या जवळ आहे का ते मोजा. टाचेचं टोक गोल आहे की सरळ हे बघा. स्ट्रॅटच्या टाचेला गोलाई असते, टेलीची टाच सरळ कापलेली असते. गोल टाच टेलीच्या पॉकेटमध्ये बसते खरी, पण कोपऱ्यांत फटी राहतात. सरळ टाच स्ट्रॅटच्या पॉकेटमध्ये बसतच नाही.

22 फ्रेटचा नेक 21 फ्रेटच्या पॉकेटमध्ये बसतो, कारण शेवटचा फ्रेट फ्रेटबोर्डच्या पुढे आलेल्या ओठावर असतो. मात्र हा ओठ पिकगार्डवर येतो, त्यामुळे पिकगार्ड काढायचं तर आधी नेक काढावा लागतो.

ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा वाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईचा, फिरवायचा नट कोणत्या टोकाला आहे हेही बघा. टाचेकडे असेल तर तो फिरवायला काही वेळा नेक काढावा लागतो. आणि रॉड खरंच काम करतो का, हे नेक हातात असतानाच पाहा. पाव वळण घट्ट करा, सरळ पट्टी फ्रेटवर ठेवा, फरक दिसायला हवा.

फ्रेटबोर्डची गोलाई सॅडलच्या गोलाईशी जुळावी. जुन्या फेंडरची 7.25 इंच, आधुनिक फेंडरची 9.5, गिब्सनची 12. सुटी सॅडल असलेला ब्रिज प्रत्येक तारेपुरता वरखाली होतो, त्यामुळे तो कोणत्याही गोलाईला जुळवता येतो. ट्यून-ओ-मॅटिक आणि फ्लॉइड रोझची गोलाई ठरलेली असते, बहुतेक वेळा 12 इंच. 7.25 च्या नेकवर तसा ब्रिज लावला तर मधल्या तारा खाली बसतात आणि वाजताना खरखरतात, किंवा कडेच्या उंच राहतात.

फ्रेटची तार कोणती?

मापं कोडने लिहिलेली असतात. 6230 ही जुनी बारीक तार, सुमारे 2 मिमी रुंद आणि 1.1 मिमी उंच. 6105 सुमारे 2.3 मिमी रुंद, 1.4 मिमी उंच. 6100 जम्बो, 2.8 आणि 1.4. तार ओढून वाकवणाऱ्यांना, म्हणजे बेंड करणाऱ्यांना, 6105 बहुतेक आवडते, कारण बोट लाकडाला न घासता तारेखाली शिरतं. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट बराच काळ झिजत नाहीत, पण कापणं, वाकवणं आणि टोकं घासणं या सगळ्याला जास्त कष्ट पडतात, आणि कानस लवकर बोथट होते. पहिल्या कामाला निकेल सिल्व्हर घ्या.

ट्यूनर बसवताना काय चुकतं?

भोकाचा व्यास. आधुनिक ट्यूनरला 10 मिमी भोक लागतं, जुन्या पद्धतीच्या, दाबून बसणाऱ्या बुशिंगला 8.7 मिमीच्या आसपास. 10 मिमीच्या भोकात जुना ट्यूनर बसवायचा तर कन्व्हर्जन बुशिंग मिळतात. उलटं करायचं, म्हणजे भोक मोठं करायचं, तर साधा ड्रिल बिट वापरू नका. आधीच असलेल्या भोकात तो मधोमध राहत नाही, धडधडत धरतो आणि हेडस्टॉकचा रंग उडवतो. शंकूच्या आकाराचा रीमर हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा.

दुसरी चूक हेडस्टॉकच्या आकाराची. सहा एका ओळीत असतील तर सहाही एकाच बाजूचे लागतात. तीन-तीन असतील तर तीन डावे, तीन उजवे. ऑर्डर देताना ‘सहा’ एवढंच लिहिलं की हमखास गोंधळ होतो.

सपाट, न झुकलेल्या हेडस्टॉकसाठी उतरत्या उंचीच्या खुंट्यांचा सेट घ्या. त्यात दूरच्या तारांच्या खुंट्या आखूड असतात आणि तार नटवर पुरेशी दाबून बसते. साधा सेट घेतला तर पहिल्या दोन तारांना रिटेनर, म्हणजे तार खाली दाबून धरणारी छोटी पकड, लावावा लागतो.

ट्यूनरचं गुणोत्तर 14:1, 16:1, 18:1 असं लिहितात. 18:1 म्हणजे किल्ली अठरा वेळा फिरवली की खुंटी एकदा फिरते. गुणोत्तर जास्त म्हणजे सूर बारकाईने लावता येतो, इतकंच. सूर टिकणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ट्यूनरमध्ये नसून नटमध्ये असतं.

सूर टिकत नाही. लॉकिंग ट्यूनर घेऊ का?

आधी नट तपासा. तार लावताना किल्ली हळू फिरवा आणि कान नटजवळ न्या. ‘टिक’ किंवा ‘पिंग’ असा बारीक आवाज आला आणि सूर एकदम पुढे उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. खाच तारेपेक्षा अरुंद आहे किंवा तिच्या तळाशी कंगोरा आहे. तारेच्या जाडीची कानस वापरून खाच हेडस्टॉककडे उतरती करा. तूर्तास पेन्सिलचं शिसं खाचेत घासलं तरी फरक कळतो, आणि दोष नटचाच आहे याची खात्री पटते.

लॉकिंग ट्यूनर तार खुंटीत आवळून धरतो. त्याचा खरा फायदा असा की खुंटीवर तारेचे वेढे जवळजवळ नसतात. वेढे सैल पडण्याचा प्रश्न उरत नाही आणि तार पटकन बदलता येते. ट्रेमोलो असेल तर घ्याच. हार्डटेलवर ते सोयीसाठी आहेत.

नटसाठी हाड, प्लास्टिक की पितळ?

हाड किंवा टस्कसारखं घट्ट कृत्रिम मटेरियल. पोकळ प्लास्टिकचा नट काढून टाका. तो मऊ असतो आणि बारीक तारा त्यात खोल शिरत जातात.

मटेरियलपेक्षा खाचेची खोली जास्त महत्त्वाची. ती तपासायची हातची पद्धत अशी: तार तिसऱ्या फ्रेटच्या मागे दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बोटाने हलकेच टकटक करा. तार आणि फ्रेट यांत केसाएवढी फट असावी. टकटक केल्यावर अगदी बारीक टणत्कार आला तर ठीक. काहीच आवाज आला नाही तर खाच जास्त खोल गेली आहे आणि मोकळी तार खरखरेल. तार स्पष्ट वरखाली हलताना दिसली तर खाच उथळ आहे, आणि पहिल्या फ्रेटवरचे सूर दाबताना चढे लागतील.

नटची जाडी मोजून घ्या. फेंडरची खोबण सुमारे 3.2 मिमीची असते, गिब्सन पद्धतीचा नट साधारण 5 मिमी जाड असतो. फेंडरच्या काही नटचा तळ गोल असतो, काहींचा सपाट. सपाट खोबणीत गोल तळाचा नट लावू नका, कडांना टेकतो आणि मधे फट राहते.

पिकअपच्या पोलमधलं अंतर महत्त्वाचं आहे का?

हो, विशेषतः ब्रिजजवळच्या हम्बकरचं, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचं. पोल म्हणजे प्रत्येक तारेखालचा पिकअपमधला धातूचा खिळा. गिब्सन पद्धतीच्या हम्बकरमध्ये टोकाच्या दोन पोलमधलं अंतर 49-50 मिमी असतं. फेंडर पद्धतीच्या ब्रिजवर तारा जास्त पसरलेल्या असतात, म्हणून तिथे 52-53 मिमीचा हम्बकर लागतो. याला एफ-स्पेस्ड म्हणतात. दोन-तीन मिमीच्या फरकाने आवाज बंद पडत नाही, पण पहिली तार पोलच्या बाहेर गेलेली दिसते आणि किंचित क्षीण वाटते. नेकजवळच्या पिकअपला अरुंदच बरा, कारण तिथे तारा जवळ आलेल्या असतात.

जास्त किलोओहम म्हणजे जास्त दमदार पिकअप, बरोबर?

नाही. किलोओहमचा आकडा, म्हणजे डीसी रेझिस्टन्स, फक्त कॉइलच्या तारेची लांबी आणि जाडी सांगतो. बारीक तार वापरली की वेढे तेवढेच राहूनही आकडा चढतो. एकाच घडणीचे, एकाच चुंबकाचे दोन पिकअप शेजारी ठेवले तरच या आकड्याने तुलना करा. साधारण कल्पना हवी असेल तर: स्ट्रॅटचे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) 5.5 ते 6.5 किलोओहम, 1957 साली गिब्सनवर आलेल्या पहिल्या हम्बकरच्या घडणीचे 7.5 ते 8.5, आणि जोरकस हम्बकर 13 ते 16.

मल्टीमीटरवर हा आकडा मुख्यतः एका कामासाठी बघा: पिकअप जिवंत आहे का. स्क्रीनवर अनंत दिसलं तर आतली तार तुटली आहे.

पॉट (व्हॉल्यूम-टोनचा फिरता रेझिस्टर) 250 किलोओहम की 500 किलोओहम?

सिंगल कॉइलला 250, हम्बकरला 500. पॉट पूर्ण उघडा असला तरी सिग्नलचा काही भाग त्याच्यातून ग्राउंडला जातो, आणि त्यात आधी वरच्या पट्टीचे सूर जातात. 250 मध्ये ते जास्त जातात. सिंगल कॉइल मुळात तीक्ष्ण असतो, त्याला हे मानवतं. हम्बकर मुळातच गडद, त्याला 250 लावला की आवाजावर चादर पांघरल्यासारखं होतं.

एकाच गिटारवर दोन्ही असतील तर 500 चे पॉट घ्या, आणि सिंगल कॉइलच्या गरम (सिग्नल नेणाऱ्या) तारेपासून ग्राउंडला 470 किलोओहमचा रेझिस्टर जोडा. स्विचवर तो अशा जागी लावा की सिंगल कॉइल निवडल्यावरच मध्ये येईल. दोन्ही मिळून सुमारे 242 किलोओहम होतात.

पॉटवर छापलेला आकडा शब्दशः घेऊ नका. ±20 टक्के फरक नेहमीचा, म्हणजे 500 चा पॉट 400 ते 600 मध्ये काहीही भरतो. मोजून घ्या, आणि जो जास्त भरेल तो व्हॉल्यूमला लावा. व्हॉल्यूमसाठी लॉगरिदमिक, म्हणजे ए अक्षराचा पॉट घ्या. सरळ बी पॉट लावला तर 10 पासून 4 पर्यंत फारसं काही होत नाही आणि मग आवाज एकदम पडतो.

नॉब बसत नाही. का?

दांडा वेगळ्या मापाचा आहे. इंची पॉटचा दातेरी दांडा 24 दात्यांचा, मेट्रिकचा 18 दात्यांचा. गुळगुळीत दांडा इंचीत 6.35 मिमी, मेट्रिकमध्ये 6. हातोडीने ठोकू नका. दांडा आत ढकलला जाऊन पॉट आतून मोडतो. भोकाचंही तसंच: सीटीएस कंपनीच्या इंची पॉटला 9.5 मिमी, लहान 16 मिमीच्या पॉटला 7 मिमी. तयार पिकगार्ड घेताना हे आधी विचारा. पॉटच्या आट्यांची लांबीही बघा. पिकगार्डसाठी आखूड आटे चालतात, लाकडातून थेट वर काढायचा असेल तर लांब लागतात.

टोनसाठी कोणता कपॅसिटर?

हम्बकरला 22 नॅनोफॅरड, सिंगल कॉइलला 22 किंवा 47. आकडा मोठा म्हणजे टोन खाली केल्यावर आवाज जास्त गडद होतो. तेलकागदी, महागडे, जुने कपॅसिटर यांवर पैसे घालू नका. गिटारच्या सर्किटमध्ये किंमत नाही, मूल्य ऐकू येतं.

दोन पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ होतो.

ते उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली जातो. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा. पण थांबा: टेलीच्या नेक पिकअपचं धातूचं झाकण आतून ग्राउंडच्या तारेला जोडलेलं असतं. तशीच अदलाबदल केली तर झाकण गरम तारेला जोडलं जातं आणि हात लावला की गुणगुण वाढते. आधी झाकणाची जोडणी तोडून त्याला स्वतंत्र ग्राउंड वायर द्या.

वेगवेगळ्या कंपन्यांचे चार वायरींचे हम्बकर एकत्र वापरताना रंगांवर विसंबू नका. सीमोर डंकनमध्ये गरम वायर काळी, ग्राउंडला हिरवी आणि उघडी तार, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये गरम वायर लाल, ग्राउंडला हिरवी आणि उघडी, काळी-पांढरी एकमेकींना. म्हणजे एकाची गरम वायर ती दुसऱ्याची मधली जोडणी.

सोल्डर करण्याआधी तपासता येतं. मल्टीमीटर किलोओहमवर पिकअपला लावा, पोलवर स्टीलचा स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. त्या क्षणी आकडा वर गेला की खाली, ते लिहून ठेवा. दुसऱ्या पिकअपचाही आकडा त्याच दिशेने हलला तर फेज जुळली.

सोल्डरिंगसाठी काय लागतं?

40 ते 60 वॅटचं आयर्न, 63/37 किंवा 60/40 चं रोझिन असलेलं सोल्डर. पाइपकामाचं आम्लाचं फ्लक्स गिटारजवळ आणू नका, ते तांब्याला गंज लावतं. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडताना आधी ती सँडपेपरने खरवडा. कमी वॅटचं आयर्न पाठीवर अर्धा मिनिट धरून ठेवलं तर सोल्डर वितळण्याआधी आतला ट्रॅक भाजतो. गरम आयर्न, चार-पाच सेकंद, आणि बाजूला.

ब्रिजची ग्राउंड वायर विसरू नका. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ती जोडलेली आहे. ईएमजीसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप याला अपवाद आहेत: तिथे ब्रिजची वायर जोडत नाहीत, पॉट 25 किलोओहमचे लागतात आणि जॅक स्टीरिओ, कारण प्लग घातल्यावरच 9 व्होल्टची बॅटरी चालू व्हायला हवी. बॅटरीला जागा कुठे करायची, हे बॉडी कापण्याआधी ठरवा.

कोणत्या स्क्रूला किती मिमीचं भोक?

कडक मेपलसाठी ही मापं चालतात. मऊ लाकडात थोडं लहान घ्या.

- नेकचे 4.2 × 45 मिमी स्क्रू: नेकमध्ये 3.2 मिमी, बॉडीत 4.8 मिमी.
- ट्रेमोलो किंवा हार्डटेलचे 3.5 मिमी स्क्रू: 2.5 मिमी.
- पिकगार्डचे 2.9 मिमी स्क्रू: 2 मिमी.
- ट्यूनरचे 2.2 मिमी स्क्रू: 1.6 मिमी.

नेकच्या स्क्रूचं बॉडीतलं भोक मोठं असणं मुद्दामच आहे. स्क्रू बॉडीतून मोकळा, हाताने ढकलला तरी जायला हवा. त्याचे आटे बॉडीतही धरले तर स्क्रू घट्ट होतो पण नेक खेचला जात नाही, टाच आणि पॉकेट यांत पत्र्याएवढी फट राहते. कागदाची पट्टी सरकवून बघा, आत शिरली तर भोक मोठं करा. बॉडी पातळ असेल तर स्क्रू आखूड घ्या. नेकमध्ये 15 ते 18 मिमी शिरला की पुरे.

ट्यूनरचे छोटे स्क्रू मेपलमध्ये डोक्याशी तुटतात, आणि तुटलेला अर्धा लाकडात राहतो. प्रत्येक स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा. साबण नको, तो ओलावा धरतो. पितळी किंवा सोनेरी स्क्रू असतील तर आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आत-बाहेर करून आटे पाडून घ्या.

डावखुऱ्या गिटारला काय वेगळं लागतं?

नट, ट्यूनर सेट, पिकगार्ड, आणि उलट्या वळणाचे पॉट. साधा ए पॉट वायरी उलटवून लावला तर आवाज सुरुवातीलाच एकदम वाढतो आणि पुढे फारसा फरक पडत नाही. सी टेपरचा, म्हणजे उलट लॉगरिदमिक पॉट घ्या.

गिटार गळ्यात घातल्यावर नेक खाली पडतो.

पट्ट्याचं वरचं बटण बघा. ते बाराव्या फ्रेटच्या आसपास आलं तर गिटार बहुतेक तोलात राहते, त्याच्या मागे असेल तर नेक खाली झुकतो. बॉडी हलकी निवडली असेल तर जड, बंद पेटीचे ट्यूनर टाळा. हेडस्टॉकच्या टोकाला वाढलेलं थोडं वजनही खांद्याला जाणवतं, आणि मागून बॉडीला वजन बांधून ते भरून काढणं हा सगळ्यात वाईट उपाय.

सगळं जोडून झाल्यावर पहिली तपासणी कशी करायची?

तारा लावण्याआधी जॅकमध्ये केबल घालून अ‍ॅम्प अगदी हळू आवाजात ठेवा. स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टोका आणि स्विच प्रत्येक जागी फिरवा. ज्या पिकअपची निवड आहे तोच वाजायला हवा. मग तारा लावा, सुरात आणा आणि रात्रभर तशीच ठेवा, कारण ताण आल्यावर नेक हळूहळू वाकतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या फ्रेटला कॅपो लावून सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजा. 0.2 ते 0.25 मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव वळण घट्ट, कमी असेल तर पाव वळण सैल, आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा सुरात आणून मोजा. त्यानंतर तारांची उंची, मग पिकअपची उंची, आणि सगळ्यात शेवटी सॅडल मागेपुढे करून बाराव्या फ्रेटचा सूर. हा क्रम बदलला तर सॅडलचं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

पिकअप तारांच्या फार जवळ नेऊ नका. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सिंगल कॉइलपासून 2 ते 2.5 मिमी अंतर ठेवा. त्यापेक्षा जवळ गेलं की चुंबक जाड तारेला ओढतो, आणि बाराव्या फ्रेटच्या वर एकाच तारेत दोन सूर भांडताहेत असं ऐकू येतं. सॅडल कितीही सरकवलं तरी ते जात नाही. पिकअप दोन वळणं खाली उतरवला की जातं.